शब्दचर्चा : सेट-टॉप बॉक्सच्या ‘गाइड’ला काय म्हणता?

फोंडेकर :
रिमोटवर गाइडचं बटण दाबलं की चॅनेल नि वेळांचा जो तक्ता येतो, त्याला मराठीत काय म्हणायचं? बाबा ‘पत्रिका’ म्हणतात. पण आमच्याकडे पत्रिका म्हणजे लग्नाची, नाहीतर देवळात लावलेली जत्रेची. ‘वेळापत्रक’ म्हटलं तर धाकटी विचारते, कदंबा बसचं?

म्हापसेकर :
वेळापत्रक एकदा छापलं की टांगलेलं राहतं. हे तसं नाही. डीव्हीबी या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीत चित्र-आवाजासोबतच कार्यक्रमांची माहिती तुकड्यातुकड्याने, फिरून फिरून येत असते. बॉक्स ती गोळा करून मांडतो. ‘आत्ता काय, पुढे काय’ एवढा तुकडा दर २ सेकंदांनी तरी यावा असा दंडक आहे, पुढच्या दिवसांचे तुकडे सावकाश येतात. म्हणून वीज जाऊन आली (पावसात रोजचंच!) की पडद्यावर खाली येणारी ‘आत्ता-पुढे’ची पट्टी लगेच भरते, तक्ता मात्र रिकामाच. वस्तू दोन, तर शब्दही दोन हवेत. पट्टीला आमच्या घरी ‘आतां-मागीर’ (आत्ता-नंतर) म्हणतात. कोकणी आहे, पण गोव्यातल्या मराठीला चालून जातं.

काणकोणकर :
तक्त्याला सरळ ‘पंचांग’ म्हणा. थट्टा नाही. त्यात तारीख येते ती १७ नोव्हेंबर १८५८ पासून किती दिवस झाले त्या आकड्यात, म्हणजे आपल्या ज्योतिषातला अहर्गणच. वेळ येते जागतिक, साडेपाच तास मिळवायचे बॉक्सने. छापील सूर्योदयात आपल्या गावाचा फरक धरतो तसं. आमच्या बॉक्सची ती सेटिंग एकदा शून्यावर गेली. संध्याकाळी सातच्या बातम्या तक्त्यात दुपारी दीडला! आजी हुमण-शीत अर्धं टाकून टीव्हीसमोर, आणि तिथे कसली तरी पाककृती चाललेली. बातम्या सातलाच लागल्या, पण ‘यंत्राला वेळ कळत नाही’ हे तिचं मत आजही कायम आहे.

फोंडेकर :
पंचांग झकास, पण बाबा त्यात राहुकाळ शोधत बसतील. मोठ्याला ‘तक्ता’च ठेवतो. पट्टीचं मात्र ठरलं. आत्ताच धाकटीला विचारलं काय चाललंय, तर पट्टी बघून म्हणाली, ‘आतां खबरो, मागीर नाटक.’