मदत हवी आहे : लुई रुकायझर यांच्यावरील व्याख्यानासाठी दोन शंका

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयात गुंतवणूकदारांचा जो अभ्यासवर्ग भरतो, तेथे पुढील महिन्यात मला अर्धा तास बोलायचे असून त्यासाठी मी अमेरिकेतील दूरचित्रवाणी पत्रकार लुई रुकायझर हा विषय घेतला आहे. टिपण बरेचसे लिहून झाले आहे, मात्र दोन ठिकाणी गाडी अडली आहे.

ज्यांना हे नाव नवे आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देतो. रुकायझर यांचा जन्म १९३३ सालचा, न्यूयॉर्कचा. वडील वृत्तपत्रातून अर्थविषयक सदर लिहीत. लुई मात्र प्रिन्स्टनमधील शिक्षणानंतर ‘बाल्टिमोर सन’मध्ये राजकीय बातमीदार आणि पुढे परदेशी वार्ताहर झाले; अर्थकारणाकडे ते वळले एबीसी वाहिनीत गेल्यावर. नोव्हेंबर १९७० मध्ये मेरीलँडच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीवरून ‘वॉल स्ट्रीट वीक’ हा शेअर बाजारावरचा कार्यक्रम सुरू झाला आणि एकतीस वर्षे दर शुक्रवारी रात्री अर्धा तास त्यांनी तो चालवला. सुरुवातीला अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ८०० च्याही खाली होता, ते बाहेर पडले तेव्हा १०,००० च्या वर.

माझ्या व्याख्यानाचा सगळा भर या ‘शुक्रवारी रात्री’वर आहे. बाजार बंद झालेला असे, त्यामुळे ऐकलेल्या गोष्टीवर लगेच खरेदी-विक्री करणे शक्यच नसे, आणि विचार करायला दोन दिवस हाताशी असत. (तरीही पाहुण्याने नाव घेतलेला शेअर सोमवारी अनेकदा वर उघडे, ही माणसाच्या स्वभावाची गंमत.) आपल्याकडे सकाळी सव्वानऊपासून साडेतीनपर्यंत पडद्याखालून भावांची पट्टी धावत असते आणि निवेदक दर दहा मिनिटांनी नवा ‘टार्गेट’ सांगत असतो, त्याशेजारी हा कार्यक्रम ठेवला की फरक आपोआप दिसतो.

सर्वांत बोलका प्रसंग ऑक्टोबर १९८७ चा आहे. शुक्रवारी, १६ तारखेला, कार्यक्रमातील नेहमीचे विश्लेषक मार्टी झ्वाइग यांनी बाजार जोरात कोसळण्याची भीती बोलून दाखवली आणि सोमवारी डाऊ ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी, घसरला. पुढच्या शुक्रवारी रुकायझर यांनी प्रेक्षकांना सांगितले ते साधारण असे : गेला आहे तो फक्त पैसा, जीव नव्हे, गेल्या आठवड्यात ज्यांचे तुमच्यावर खरे प्रेम होते त्यांचे ते आजही आहे.

आता पहिली शंका. दहा तांत्रिक विश्लेषकांचा (भावांच्या आलेखांवरून अंदाज बांधणाऱ्यांचा) एक चमू बाजाराच्या दिशेचा कौल देई आणि रुकायझर त्यांना लाडाने ‘एल्व्ह्ज’, म्हणजे परीकथांतले चिमुकले कारागीर, म्हणत. मराठीत काय म्हणावे? ‘बुटके’ म्हटले की हिणवल्यासारखे वाटते, ‘यक्ष’ म्हटले की तेच उलट आपल्याला प्रश्न विचारू लागतील. आमच्या सौभाग्यवतींनी ‘कुडमुडे जोशी’ सुचवले. ते नेमके आहे, पण त्यात लाड उरत नाही. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या निवेदनात रुकायझर ज्या शाब्दिक कोट्या करत, त्यांचे तर भाषांतर मी सोडूनच दिले आहे. कोणाला काही सुचल्यास अवश्य सांगावे.

दुसरी विनंती त्या काळात अमेरिकेत राहिलेल्या मराठी मंडळींना आहे. आपण हा कार्यक्रम घरी पाहत होतात का, आणि त्यावरून सोमवारी काही खरेदी केलीत का? १९८७ चा तो शुक्रवार आठवत असेल तर फारच उत्तम.

शेवटाबद्दल मी मोजकेच बोलणार आहे. मार्च २००२ मध्ये मेरीलँडच्या त्या वाहिनीने ‘फॉर्च्यून’ या उद्योगविषयक नियतकालिकाच्या साथीने कार्यक्रमाचे रूप पालटायचे आणि रुकायझर यांना दुय्यम भूमिका द्यायची ठरवले. त्यांनी ही नाराजी थेट प्रेक्षकांसमोर मांडली आणि त्यांना काढून टाकण्यात आले. त्याच नियतकालिकाचे संपादकपद एकेकाळी त्यांच्या सख्ख्या भावाने, विल्यम यांनी, भूषवले होते. महिन्याभरात सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीने त्यांना नवा कार्यक्रम दिला, परंतु २००३ मध्ये प्रकृतीमुळे ते पडद्यावरून दूर झाले आणि मे २००६ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, वारले.

येथे आलेली आठवण व्याख्यानात सांगायची झाल्यास आपले नाव घ्यावे की नाही, तेही कृपया सोबत कळवावे.