रिकामी झालेली टाकी सूत्रात परत कशी भरते?

प्रश्न (परभणी, बीएस्सी दुसरं वर्ष)
उभ्या भिंतींची टाकी, तळाशी तोटी, सुरुवातीला पाणी १ मीटर. उंची उ मीटर, वेळ व मिनिटं. डिफरन्शियल इक्वेशन (उ′ म्हणजे उंची बदलण्याचा वेग): उ′ = −०.०२√उ. चलं वेगळी करून उ = (१ − ०.०१व)² आलं. १०० मिनिटांत टाकी रिकामी, इथवर पटतं. पण व = १२० घातलं की उ = ०.०४, म्हणजे ४ सेंटिमीटर पाणी! कुठं चुकतंय?

उत्तर (नांदेड)
वर्ग करताना. त्याच्या आधीची ओळ बघा: √उ = १ − ०.०१व. वर्गमूळ ऋण होत नाही, म्हणून ही ओळ व = १०० पर्यंतच खरी. वर्ग केला की ऋण चिन्ह पुसलं जातं आणि चूक दिसत नाही. मूळ समीकरणात घालून पडताळा: व = १२० ला तुमच्या सूत्राचा उतार +०.००४, उजवी बाजू −०.०२ × ०.२ = −०.००४. जुळत नाही. म्हणून १०० नंतर उ = ० घ्यायचं. सांध्यावर दोन्ही तुकड्यांचा उतार शून्यच आहे, त्यामुळं जोड नीट बसतो. उकल कुठपर्यंत लागू आहे, ते उत्तरातच लिहा.

प्रश्नकर्ता
पण उ = ० हीसुद्धा पहिल्यापासून उकलच आहे. मग दोन आलेख १०० ला भेटले. उकलींचे आलेख एकमेकांना शिवत नाहीत, असं शिकलोय.

उत्तर (लातूर)
त्याला अट आहे. उजव्या बाजूचं उ-सापेक्ष विकलन त्या बिंदूजवळ सलग असेल, तर आलेख शिवत नाहीत. इथं √उ चं विकलन १/(२√उ). उ शून्याकडे गेला की ते अनंताकडे जातं. लिपशिट्झची अट (उ बदलला तर उजवी बाजू त्याच्या एका ठरावीक पटीपेक्षा जास्त बदलू नये) नेमकी तिथंच मोडते. म्हणून वेगवेगळ्या वेळी रिकाम्या झालेल्या टाक्यांचे आलेख उ = ० ला येऊन मिळतात. कोरडी टाकी बघून पाणी तासाभरापूर्वी संपलं का काल रात्री, हे कुणाला सांगता येईल? पुढचं मात्र पक्कं: वरून पाणी येत नाही तोवर ती कोरडीच.
शेजारी उ′ = −०.०२उ ठेवून बघा. १ मीटरपासून निघून १२० मिनिटांला साधारण ०.०९ मीटर उरतं, शून्य कधीच होत नाही. इथं आलेख खरंच शिवत नाहीत.

उत्तर (बीड)
प्रत्यक्ष मोजणार असाल तर उ तोटीच्या तोंडापासून मोजा, तळापासून नव्हे. मग ५० मिनिटांला पट्टी लावा: अर्धा वेळ गेला तरी निम्मं नाही, पाव मीटरच पाणी उरलेलं दिसायला हवं.