ताळा जुळतो तरी उत्तर चूक: त्रिकोणाच्या कोनांचं समीकरण

कोथरूडची_पालक
मुलगी नववीत, मराठी माध्यम. गणित असं: त्रिकोण अबक मध्ये ∠अ = (३क्ष + १०)°, ∠ब = (२क्ष − ५)°. बाजू बक पुढे ड पर्यंत वाढवली आहे, ∠अकड = (७क्ष − २५)°. त्रिकोणाचे कोन काढा.
तिने तिन्ही राशींची बेरीज १८० धरली. १२क्ष − २० = १८०, म्हणजे क्ष = १६ पूर्णांक २/३. किंमत परत घातली तर बेरीज बरोबर १८० येते. उत्तरसूचीत मात्र क्ष = १५. असं कसं?

भूमिती_शिक्षक
∠अकड त्रिकोणाच्या आत नाहीच, तो बाह्यकोन आहे. १८० होतात ते आतले तीन कोन. ताळा जुळला, कारण किंमत त्याच समीकरणात परत घातली. मांडणी चुकली असली तरी तिथे ती जुळणारच. ताळा आकृतीवर घ्यायचा: ∠अकड ९१ २/३ आला, तर आतला ∠क ८८ १/३. आता ६० + २८ १/३ + ८८ १/३ = १७६ २/३. इथे चूक उघडी पडते.

इथे दूरस्थ आंतरकोनांचं प्रमेय लावा. बाह्यकोन = ∠अ + ∠ब.
७क्ष − २५ = ५क्ष + ५
२क्ष = ३०, क्ष = १५
∠अ = ५५°, ∠ब = २५°, बाह्यकोन ८०°, म्हणून ∠क = १००°.
आणि क्ष = १५ वर थांबू नका, प्रश्न कोनांचा आहे. हे गुण फार मुलं हकनाक घालवतात.

वजाचा_कंस
प्रमेय आठवलं नाही तर रेषीय जोडी (सरळ रेषेवरचे शेजारचे दोन कोन, बेरीज १८०) वापरा: ∠क = १८० − (७क्ष − २५) = २०५ − ७क्ष. मग आतल्या तिन्ही कोनांची बेरीज १८० धरा. कंस सोडताना २५ चं चिन्ह बदललं नाही की १५५ − ७क्ष होतं आणि क्ष = −१० येतो. मग ∠अ = −२०°. कोन ऋण आला की पुढे जाऊच नका, कंसापाशी परत या.

भूमिती_शिक्षक
तिला प्रमेय हातानं करून बघू द्या. अप्पा बळवंत चौकात मिळतो तसला साधा कार्डशीट घ्या, ५५° आणि २५° चे कोन कोनमापकानं मोजून त्रिकोण कापा. वहीच्या पानावर ठेवून कडेनं गिरवा, बक पुढे वाढवा. मग कार्डशीटचे अ आणि ब हे कोपरे फाडा (कापू नका, फाटलेली कड वेगळी ओळखू येते) आणि टोकं क वर टेकवून शेजारी शेजारी लावा. बाहेरची जागा बरोबर भरते.