‘गुत्त्यातला खेळ’ या शेऱ्याला उत्तर, आणि लिटलरच्या वर्चस्वाविषयी

अंबाजोगाईकर :

परवा ‘गोदातीर’ यांनी चार ओळींत निकाल देऊन टाकला. डार्ट्स हा विलायतेतील गुत्त्यांमधला वेळकाढूपणा आहे, विशीही न गाठलेला एक पोरगा सगळे चषक उचलतो यावरूनच तिथली चुरस किती हलकी आहे हे कळते, आणि ज्या मातीने धावपटू अविनाश साबळे घडवला तिथल्या मुलांनी असल्या खेळासाठी रात्री जागवणे लाजिरवाणे आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन दिवस मी उत्तर दिले नाही. परंतु त्या ओळींना मिळालेली सहमती वाचून गप्प बसवेना.

मी गेली अकरा वर्षे आमच्या ओसरीत बोर्ड टांगून रोज संध्याकाळी तासभर फेकतो. फेकरेषा बोर्डापासून 2.37 मीटरवर, बोर्डाचा मध्य जमिनीपासून 1.73 मीटरवर. ट्रिपल वीसची, म्हणजे विसाचे तिप्पट गुण देणारी, पट्टी जेमतेम 8 मिलिमीटर रुंद, आणि तिच्या एका अंगाला 1 चा खण, दुसऱ्या अंगाला 5 चा. साठ गुणांसाठी निघालेला हात केसभर हलला की पदरात एक पडतो. या मापांवर माझी तीन डार्टच्या फेरीची सरासरी पंचेचाळिसाच्या वर कधी गेली नाही. गोदातीर ज्याला ‘पोरगा’ म्हणतात त्या ल्यूक लिटलरने सोळाव्या वर्षी, जागतिक स्पर्धेतल्या पहिल्याच सामन्यात, प्रेक्षकांचा आरडाओरडा चालू असताना 106.12 ची सरासरी काढली. ज्याने हातात डार्ट धरला आहे त्याला या दोन आकड्यांमधले अंतर समजावून सांगावे लागत नाही.

चुरस हलकी असल्याचा आरोप तर अजिबात टिकत नाही. जानेवारी 2024 च्या अंतिम सामन्यात हाच मुलगा ल्यूक हम्फ्रीजकडून 7-4 असा हरला. पुढच्या वर्षी मायकल व्हॅन गर्वेनला 7-3 ने हरवून तो आजवरचा सर्वांत लहान जगज्जेता झाला, आणि जानेवारी 2026 मध्ये गियान व्हॅन वीनवर 7-1 ने मात करून त्याने किताब राखला, जे गॅरी अँडरसनच्या 2015 आणि 2016 नंतर कुणाला साधले नव्हते. मात्र मधल्या 2025 मध्येच डार्ट्सच्या प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात हम्फ्रीजने त्याला 11-8 ने हरवले, आणि युरोपियन चॅम्पियनशिप व्हॅन वीनने हम्फ्रीजविरुद्ध अगदी शेवटच्या लेगपर्यंत, म्हणजे डावापर्यंत, ताणलेल्या सामन्यात 11-10 अशी जिंकली. फिल टेलरच्या सोळा जागतिक किताबांच्या काळात चुरस कमी होती असे कुणी म्हणत असेल तर त्यावर बोलता येईल. आजच्या काळाविषयी ते म्हणणे अन्याय आहे.

आणि परकेपणाचे म्हणाल, तर हा बोर्ड सिसलचा असतो. म्हणजे आपल्या बांधावर उभ्या असलेल्या घायपाताच्या भावकीतल्या झाडाच्या वाखाचा. डार्ट उपटला की तो वाख पुन्हा मिटतो. केकताडाचे दोर वळणाऱ्या आमच्या आजोबांना हा बोर्ड पाहता आला असता तर त्यांनी आधी त्याची वीण तपासली असती.

गोदातीर :

आपले आकडे मी खोटे म्हणत नाही. माझा राग आकड्यांवर नाही.

आमच्या गावात दारूचे दुकान बंद करण्यासाठी बायांना मतदान करून बाटली आडवी करावी लागली, आणि त्याच्या आदल्या वर्षी माझा थोरला भाऊ त्या दुकानापायी गेला. तेव्हापासून, ज्या सभागृहात हजारो माणसे हातात पेले घेऊन झिंगलेली असतात आणि वाहिन्या त्यालाच उत्सव म्हणून दाखवतात, ते सभागृह मला खेळाचे ठिकाण वाटत नाही. जागतिक स्पर्धेच्या नावापुढे पॅडी पॉवर आहे, वर्ल्ड मॅचप्लेच्या पुढे बेटफ्रेड आहे; दोन्ही सट्टा घेणाऱ्या कंपन्या. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये कायदा करून बंदी आणावी लागली, ती कोणत्या घरांची राख झाल्यावर आणावी लागली हे मराठवाड्यात राहणाऱ्याला विचारू नये. आणि आपल्या या सभ्य खेळाच्या प्रेक्षकांनी डिसेंबर 2025 मध्ये रॉब क्रॉसविरुद्धच्या सामन्यात लिटलरचीच हुर्यो केली, तेव्हा त्याने तुमच्या तिकिटांतूनच मला बक्षीस मिळते असे त्यांना सुनावले. अठरा वर्षांच्या मुलाच्या तोंडी ही भाषा यावी, हे खेळाच्या निरोगीपणाचे लक्षण आहे काय?

जालनेकर :

गोदातीर भाऊ, आपल्या घरचे दुःख मोठे आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही. परंतु मंचावर पिण्याची मोकळीक 1980 च्या दशकाबरोबरच संपली, आणि जानेवारी 2026 मध्ये रियाधला, जिथे प्रेक्षकांना दारू मिळत नव्हती, तिथे हेच खेळाडू खेळून आले. दारूवाचून हा खेळ उभा राहतो.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि तिच्यावर अंबाजोगाईकरांनी सोयीस्करपणे मौन पाळले. या खेळाची क्रमवारी गुणांवर नाही, दोन वर्षांत मिळवलेल्या बक्षिसाच्या रकमेवर ठरते. जागतिक विजेत्याचे बक्षीस जानेवारी 2026 मध्ये 5 लाख पौंडांवरून थेट 10 लाख पौंड झाले. म्हणजे जानेवारीत एक स्पर्धा जिंकलेला माणूस पुढची दोन वर्षे त्या रकमेवर बसून राहू शकतो. उलट, टूर कार्ड, म्हणजे व्यावसायिक मालिकेत खेळायचा परवाना, असलेल्या 128 जणांमध्ये जो पहिल्या 64 च्या बाहेर आहे, त्याला मुदत संपताच कार्ड गमवावे लागते आणि क्यू-स्कूलला, म्हणजे ते कार्ड मिळवायच्या पात्रता स्पर्धेला, पुन्हा नव्याने उभे राहावे लागते. आमच्या बाजारात एका व्यापाऱ्याने एकदा सगळी मोसंबी उचलली की वर्षभर भाव तोच ठरवतो. हे मी लहानपणापासून पाहिले आहे आणि इथे मला तेच दिसते.

अंबाजोगाईकर :

क्रमवारीविषयीचा मुद्दा अर्धा मान्य आहे, आणि तेवढाच. नोव्हेंबर 2025 मध्ये लिटलर पहिल्या क्रमांकावर आला तेव्हा हे 10 लाख पौंड अजून कुणालाच मिळालेले नव्हते. त्या वर्षी त्याने यूके ओपन, वर्ल्ड मॅचप्ले, वर्ल्ड ग्रां प्री, ग्रँड स्लॅम आणि प्लेयर्स चॅम्पियनशिप फायनल्स अशा एकामागून एक स्पर्धा जिंकल्या होत्या. तो कुठल्या एका रकमेवर बसलेला नाही. मोसंबीच्या व्यापाऱ्याला दर आठवड्याला बोर्डासमोर उभे राहून आपला माल सिद्ध करावा लागत नाही.

लातूरचे गुरुजी :

मी गणित शिकवतो, म्हणून एवढेच सांगतो की या खेळाला हलके म्हणणाऱ्याने एकदा उभे राहून 121 संपवून दाखवावेत, म्हणजे तीन डार्टांत गुण वजा करत नेमके शून्यावर यावे, आणि शेवटचा डार्ट डबलच्या, म्हणजे दुप्पट गुणांच्या, पट्टीत मारावा. ट्रिपल वीस लागला तर 61 उरतात, तिथून 25 चे वर्तुळ साधले तर 36, म्हणजे डबल अठरा. पहिलाच डार्ट सरकून साध्या विसात गेला तर सगळा हिशेब तिथल्या तिथे बदलतो. डबल सोळाला सगळे का धावतात, तर चुकून साधा सोळा लागला तरी डबल आठ उरतो आणि पुन्हा चुकले तरी डबल चार. माझ्या वर्गातील वजाबाकीला घाबरणारा एक मुलगा या बोर्डामुळे सुधारला. त्याच्या वडिलांनी मात्र बोर्ड पाहून मलाच दोष दिला, कारण शिकवणीच्या तासात खेळ कशाला, असा त्यांचा प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट मला या खेळात आवडते. इथे स्त्री-पुरुष एकाच बोर्डासमोर, एकाच अंतरावर, त्याच 501 पासून सुरुवात करतात. बो ग्रीव्हज या तरुणीने ऑक्टोबर 2025 मध्ये युवा जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात लिटलरला 6-5 ने हरवले. एवढी समानता दुसऱ्या कोणत्या खेळात आहे?

माजी खो-खोपटू, धाराशिव :

गुरुजी, आपल्या शेवटच्या वाक्यावर मला थांबावे लागले. बोर्ड समान आहे, हे खरे. बोर्डापर्यंतचा रस्ता समान नाही.

फॅलन शेरॉक या स्त्री खेळाडूने डिसेंबर 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत टेड एव्हेट्स आणि मेन्सुर सुल्योविच या पुरुषांना हरवले, तेव्हा आता दार उघडले असे सगळीकडे लिहून आले. त्यानंतर सहा वर्षे लोटली. लिसा ॲश्टनने 2020 मध्ये क्यू-स्कूलमधून खेळून कार्ड मिळवले, ग्रीव्हजने तरुणांच्या डेव्हलपमेंट टूरमधून मिळवले. एवढीच नावे पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात, यातच उत्तर आहे. आमच्या जिल्ह्याच्या खो-खोपटू सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हाही लोक म्हणाले की बघा, मुलींना आता काही अडचण नाही. मी ज्या वर्षी एका मोठ्या स्पर्धेत अंतिम सामना जिंकले, त्या वर्षी मुलांच्या संघाला रोख रक्कम आणि सायकली मिळाल्या; आम्हाला प्रमाणपत्र आणि एकेक पिशवी. परतताना रात्री एस.टी. चुकली म्हणून आम्ही बारा मुली स्थानकात बसून राहिलो. ती पिशवी माझ्याकडे अजून आहे.

लातूरचे गुरुजी :

ताई, आपल्यावर अन्याय झाला, परंतु तो न्याय आपण डार्ट्सकडून मागत आहात. जिथे अंगबळ लागतच नाही तिथे स्त्रियांची वेगळी मालिका आहे, ती कशासाठी हवी? वेगळी मालिका ठेवणे म्हणजे आपण कमी आहोत हे स्वतःच लिहून देणे नव्हे काय? सर्वांनी क्यू-स्कूलला यावे आणि फेकावे. माझ्या वर्गात मी मुलींचा वेगळा पेपर काढत नाही.

माजी खो-खोपटू, धाराशिव :

आपण वेगळा पेपर काढत नाही, हे ठीक. मात्र त्या मुली पेपर द्यायला येण्याआधी घरात किती भांडी घासून येतात, हे आपण कधी विचारले आहे काय? तिकडे बोर्ड टांगलेले असतात ते गुत्त्यांत आणि क्लबांत, आणि तिथे रात्री बसून दहा वर्षे हात तयार करावा लागतो. ती दहा वर्षे मुलांना सहज मिळतात. वेगळ्या मालिकेमुळे मुलींना तेवढे सामने तरी मिळतात; ग्रीव्हजचा हातही त्या मालिकेत तयार झाला आहे. माझ्या म्हणण्याला कमीपणाची कबुली ठरवणे मला अपमानास्पद वाटते, आणि मी ते खपवून घेणार नाही.

गोदातीर :

ताई बरोबर सांगत आहेत. गुत्ता हेच मूळ आहे, मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो.

माजी खो-खोपटू, धाराशिव :

गोदातीर भाऊ, कृपा करून माझ्या मुद्द्यावर आपला झेंडा लावू नका. मला तो खेळ बंद करायचा नाही. मला त्यात जागा हवी आहे.

नांदेडकर :

एका गोष्टीचा उल्लेख कुणीच केला नाही. ग्रीव्हज आणि व्हॅन वीन या दोघांनाही मध्यंतरी हात न सुटण्याचा विकार झाला होता, ज्याला तिकडे डार्टायटिस म्हणतात. डार्ट बोटांतून निघतच नाही. पाच वेळा जगज्जेता झालेला एरिक ब्रिस्टो त्यातून पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. मी व्हॉलिबॉलची सर्व्हिस करायचो, आणि एका हंगामात माझा हात खांद्यावरच अडकू लागला. चेंडू हवेत, हात जागच्या जागी. प्रशिक्षकांनी मला सर्वांसमोर भित्रा ठरवले आणि त्यानंतर मी मैदानावर गेलो नाही. म्हणून व्हॅन वीन त्या विकारातून वर येऊन जगज्जेतेपदाच्या अंतिम सामन्यात उभा राहिलेला दिसला तेव्हा तो 7-1 ने हरत असतानाही मी शेवटपर्यंत उठलो नाही. हम्फ्रीजनेही मंचावर घाबरगुंडी उडत असल्याचे उघडपणे सांगितले आहे. क्रमवारीतले पहिले काही खेळाडू असे बोलू शकतात, हे मला आजच्या डार्ट्सचे मोठे बळ वाटते.

जालनेकर :

नांदेडकरांचे लिहिणे वाचून माझा सूर थोडा उतरला, तरी रस्त्याविषयी ताईंच्या बाजूने मलाही बोलायचे आहे. डिसेंबर 2025 मध्ये नितीन कुमारने जागतिक स्पर्धेत सामना जिंकला, आणि असे करणारा तो पहिला भारतीय ठरला. त्याच्या मागून जाऊ पाहणाऱ्या मुलाला क्यू-स्कूलसाठी इंग्लंडमधील मिल्टन कीन्सला किंवा जर्मनीतील काल्कारला जावे लागते. व्हिसा, विमान, तिथला मुक्काम, आणि इतके करून कार्ड मिळेलच असे नाही. एका हंगामाच्या कापसात ते बसत नाही. अंबाजोगाईकर, उघडले म्हणतात त्या दाराचा उंबरठा इतका उंच आहे.

अंबाजोगाईकर :

उंबरठा उंच आहे, हे मानतो. दार बंद आहे, हे मानत नाही. ताईंचा मुद्दा माझ्या मूळ लेखात यायला हवा होता आणि आला नाही. ती चूक माझी. गुरुजींनी वेगळ्या मालिकेविषयी जे लिहिले ते मला पटलेले नाही.

लातूरचे गुरुजी :

मी माझे म्हणणे मागे घेत नाही. फक्त ‘लिहून देणे’ हे शब्द मागे घेतो, कारण ते ताईंना लागले.

गोदातीर :

मी ‘गुत्त्यातला’ हा शब्द खेळाडूंपुरता मागे घेतो. सभागृहापुरता नाही, आणि त्या दोन कंपन्यांपुरता तर मुळीच नाही. माझी पुतणी सातवीत आहे, हा धागा तिने माझ्या फोनवर वाचला, आणि आता तिला बोर्ड हवा आहे. आमच्या घराला ओसरी नाही. पत्र्याच्या भिंतीवर तो टांगता येतो काय, एवढे अंबाजोगाईकरांनी कळवावे.

अंबाजोगाईकर :

पत्र्यावर टांगू नका. चुकलेल्या प्रत्येक डार्टचा आवाज गल्लीभर जाईल आणि टोके बोथट होतील. आधी लाकडाची जाड फळी ठोकून घ्या, तिच्यावर बोर्ड, मध्य 1.73 मीटरवर. पुतणीची उंची कमी असली तरी बोर्ड खाली घेऊ नका. आठवड्यातून एकदा तो फिरवून लावा, म्हणजे विसाच्या खणातला वाख लवकर झडणार नाही.