मदत हवी आहे: कुमशेतच्या ठाकरवाडीचं नेमकं लोकेशन आणि लोकसंख्या

मंडळी, अकोले तालुक्यातलं कुमशेत कोणाला नीट माहितीये का? राजूरकडून शिरपुंज्याच्या रस्त्याने आत गेलं की पार सह्याद्रीच्या धारेवर, आजोबा डोंगराच्या बाजूला, आणि घाट उतरला की खाली ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका. ट्रेकवाले बरेच जण जाऊन आले असतील. गाव एका जागी नाहीये, लांब लांब वाड्यांमध्ये पसरलंय, मला त्यातल्या फक्त ठाकरवाडीची माहिती हवीये.

आमच्या ग्रुपचं तिथे उन्हाळ्यासाठी पावसाचं पाणी साठवायची टाकी बांधून द्यायचं चाललंय. पाऊस धो धो पडतो पण सगळं पाणी खाली वाहून जातं आणि एप्रिल-मेमध्ये बायकांना हंडे घेऊन झऱ्यावर जावं लागतं. आता टाकी केवढी बांधायची हे माणसांवर ठरणार ना. जलजीवनचा हिशोब माणशी रोजचे ५५ लिटर, म्हणजे १०० माणसं धरली तर दोन महिन्यांना ३ लाख ३० हजार लिटर आणि २०० धरली तर थेट ६ लाख ६०. फक्त पिण्या-स्वयंपाकापुरतं धरलं तरी दुपटीचा फरक राहतोच, आणि खर्चही त्याच हिशोबाने वाढतो.

२०११ च्या जनगणनेत बघितलं (जिल्हा अहमदनगर म्हणूनच शोधा, अहिल्यानगर नाव नंतर आलं) तर आकडा अख्ख्या महसुली गावाचा मिळतो, वाडीवार काहीच नाही. २०२१ ची तर झालीच नाही. मतदार यादीत १८ च्या खालची पोरं नसतात आणि इथे पोरंच जास्त. शिवाय भात काढून झालं की या भागातली बरीच कुटुंबं नारायणगावकडे मजुरीला जातात, मग मे महिन्यात वाडीत नक्की किती जण असतात हा आकडा मला कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो, म्हातारी माणसं आणि लहान मुलं मागे राहतात त्यांनाच तर पाणी लागणार.

लोकेशनचं पण तसंच. मॅपवर ठाकरवाडी टाकलं की कर्जत, जुन्नर, शहापूर कुठली कुठली ठाकरवाडी येते. मला ही वाडी कुमशेतच्या मुख्य वस्तीपासून कुठल्या अंगाला आहे, किती लांब आहे आणि सिमेंट-वाळूचा टेम्पो घरांपर्यंत जातो की शेवटचा टप्पा डोक्यावरून न्यावा लागतो हे कळायला हवं. त्यात हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तर जागा गावठाणातली की वनखात्याची हे आधीच बघितलेलं बरं, नाहीतर काम मध्येच अडकेल.

कोणी तिकडचं असेल, किंवा आरोग्य खात्यात, शाळेवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा. आशाताई आणि अंगणवाडीताईंकडे घरोघरच्या सर्व्हेचं रजिस्टर असतं, त्यातून नावं नकोत, नुसती घरं किती आणि माणसं किती एवढं मिळू शकतं का, की ग्रामपंचायतीकडून पत्र न्यावं लागेल? ट्रेकवाल्यांपैकी कोणाच्या जीपीएस ट्रॅकमध्ये ही वाडी आली असेल तर तो पण चालेल, फक्त झरा कुठे आहे तेवढं खूण करून टाका. दिवाळीनंतर खोदाई सुरू करायचीये म्हणजे पुढच्या पावसाच्या आत टाकी तयार होईल, त्याआधी माहिती मिळाली तर फार बरं होईल.