मदत हवी आहे: वयोगट रेटिंग अपडेट करणाऱ्या टूलचं डॉक्युमेंटेशन

नमस्कार मंडळी. ॲप स्टोअरवरचं वयोगट रेटिंग जेसॉन फाइलमधून (ठरावीक रचनेत माहिती लिहिलेली साधी मजकूर फाइल) अपडेट करणाऱ्या कमांड-लाइन टूलचं (टाइप केलेल्या आज्ञांवर चालणारं) डॉक्युमेंटेशन लिहितोय. ॲपलने 2025 मध्ये 12+ आणि 17+ काढून 13+, 16+, 18+ आणले, रेटिंग ठरवण्यासाठी ॲप बनवणाऱ्याने भरायची प्रश्नावलीही वाढवली. त्यामुळे जुनी उदाहरणं आता दिशाभूल करतात. हिंसेच्या प्रश्नाला ‘अजिबात नाही’, ‘क्वचित’, ‘वारंवार’ अशी उत्तरं, तर जुगाराच्या प्रश्नाला फक्त हो किंवा नाही. नवखा माणूस नेमका इथेच अडकतो, आणि रेटिंग चुकलं तर नको ते ॲप लहान मुलांच्या हातात पडतं. प्रत्येक फील्डचा (फाइलमधली एकेका उत्तराची जागा) तक्ता द्यावा, की एक पूर्ण नमुना फाइल घेऊन ओळीओळीने समजवावं? असं काही लिहिलेलं असेल तर कृपया सांगा. शिवाय प्रश्न पुन्हा बदलले की मजकूर जुना पडू नये, यासाठी तुम्ही काय करता?