आठ महिन्यांनी सैन्यातून निवृत्त होत आहे : कागदपत्रे, पैसे आणि पुढील काम याबाबत सल्ला हवा

माणदेशी_फौजी

सर्वांना नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा असून मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार आहे. आठ महिन्यांनी माझी 24 वर्षांची सेवा पूर्ण होईल. दोन वर्षांची मुदतवाढ घेता आली असती, परंतु आईची तब्येत आणि मुलीचे बारावीचे वर्ष पाहून मी ती घेतली नाही. माझे वय 43 आहे. घरी आई, पत्नी, बारावी विज्ञान शाखेतील मुलगी आणि आठवीतला मुलगा आहे. जमीन दोन एकर आहे, त्यातील अर्ध्या एकरालाच विहिरीचे पाणी मिळते, त्यामुळे निव्वळ शेतीवर भागणार नाही.

गेली चार वर्षे मी कंपनीचे स्टोअर सांभाळतो. रेशन, कपडे, तंबू, हत्यारांचे सुटे भाग, लेजर आणि वर्षाची मोजणी हे सर्व माझ्याकडे आहे. निवृत्तीपूर्वीच्या कोर्ससाठी नाव द्यायचे आहे आणि बहुतेक सहकारी सिक्युरिटीचा कोर्स घेत आहेत. मीही तोच घ्यावा का? मिळणाऱ्या रकमेचे काय करावे? आणि युनिट सोडण्यापूर्वी कोणती कामे नक्की उरकून घ्यावीत? सुट्टीवर गेलो की भेटेल तो विचारतो, "मेजर, आता पुढं काय?" आणि मला अजून त्याचे नीट उत्तर देता येत नाही.

गडहिंग्लजचा_सुभेदार

जय हिंद. मला निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. तुमच्या तीन प्रश्नांपैकी तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचेच उत्तर आधी देतो.

वर्दीत असताना जी दुरुस्ती क्लार्कसमोर बसून एका अर्जावर होते, तीच दुरुस्ती निवृत्तीनंतर करून घ्यायला वर्ष जाते. माझे स्वतःचे उदाहरण सांगतो. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत आहे. माझ्या पत्नीचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे नाव आणि माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये सासरचेच नाव परंतु वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेले होते. जन्मतारीखही दोन ठिकाणी दोन प्रकारची होती. डिस्चार्ज ड्रिलच्या, म्हणजे निवृत्तीपूर्वी कागदपत्रे पूर्ण करण्याच्या, वेळी फॉर्मवर सही करताना ही गोष्ट माझ्या नजरेस आली होती, पण घरी जाण्याच्या घाईत मी ती सोडून दिली. पुढे पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, तीच चूक उतरली. त्यानंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद, पुन्हा अर्ज, अर्जात त्रुटी आणि पुन्हा नवा अर्ज असे चौदा महिने गेले, आणि त्या काळात मला कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या काळजीने झोप येत नसे, कारण माझे काही बरेवाईट झाले असते तर कागदावरची पत्नी आणि घरातली पत्नी एकच आहे हे तिला एकटीने सिद्ध करत बसावे लागले असते.

म्हणून या महिन्यातच पत्नी, दोन्ही मुले आणि आई या सर्वांची आधार कार्डे, शाळेचे दाखले व पॅन कार्डे मागवून घ्या आणि युनिटच्या ऑफिसमध्ये बसून पार्ट टू ऑर्डरशी (लग्न, मुलांचे जन्म अशा नोंदींचा युनिटचा आदेश) अक्षरन् अक्षर ताडून पाहा. फरक आढळल्यास दुरुस्तीची पार्ट टू ऑर्डर प्रकाशित करून घ्या आणि तिची प्रत स्वतःजवळ ठेवा. आता पेन्शन 'स्पर्श' या प्रणालीतून थेट प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडून येते आणि त्या प्रणालीत माहिती रेकॉर्ड ऑफिसकडून जशी जाते तशीच चढते. पत्नीसोबतचे संयुक्त खाते, संयुक्त छायाचित्र, मोबाईल क्रमांक हेही त्याच वेळी तपासा. गाव सोडून जाणाऱ्या मुलाचा किंवा भाच्याचा क्रमांक देऊ नका.

दुसरे म्हणजे रिलीज मेडिकल बोर्ड, अर्थात निवृत्तीपूर्वीची वैद्यकीय तपासणी. लवकर घरी जायचे म्हणून गुडघा, पाठ, कान, रक्तदाब यांचे त्रास लपवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. फायरिंगमुळे कमी झालेले ऐकू येणे किंवा उंचावरच्या तैनातीनंतर सुरू झालेला त्रास बोर्डापुढे स्पष्ट सांगा आणि जुन्या एमआय रूमच्या (युनिटच्या दवाखान्याच्या) व हॉस्पिटलच्या नोंदी सोबत न्या. सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले अपंगत्व 20 टक्के किंवा अधिक ठरले तर निवृत्तिवेतनात त्याचा वेगळा भाग मिळतो. न सांगितलेला आजार पुढे सिद्ध करणे फार कठीण होते.

ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा, अर्जही डिस्चार्जच्या वेळीच भरा. हवालदारापर्यंतच्या पदांसाठी 30,000 रुपयांचे एकदाच भरायचे अंशदान आहे. आईचे स्वतःचे उत्पन्न मर्यादेत असेल तर त्यांचे नाव अवलंबितांमध्ये घालून घ्या.

गोदाकाठचा_तोफची

मी तोफखान्यातून 17 वर्षांनी निवृत्त झालो आणि सध्या राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. नोकरीबाबत मला माहीत असलेले लिहितो.

सिक्युरिटीचा कोर्स वाईट नाही, परंतु केवळ इतरांनी घेतला म्हणून तो घेऊ नका. पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, 24 आठवड्यांपर्यंतचे कोर्स जवानांसाठी विनाशुल्क असतात. ही संधी एकदाच मिळते. तुमच्या हातात चार वर्षांचा स्टोअरचा अनुभव आहे. चाकण, रांजणगाव, शिरवळ या पट्ट्यातील कारखान्यांना आणि गोदामांना नेमका असाच माणूस लागतो ज्याला साठा मोजता येतो, नोंद ठेवता येते आणि ज्याच्यावर किल्ली सोपवता येते. म्हणून गोदाम व्यवस्थापन किंवा मटेरियल मॅनेजमेंटचा कोर्स मागा आणि त्यासोबत संगणकावर एक्सेल व्यवस्थित शिकून घ्या. बायोडेटामध्ये "24 वर्षे इन्फंट्री" एवढेच लिहिले तर समोरच्या मॅनेजरला काहीच कळत नाही. तुम्ही किती जवानांचे रेशन व कपडे सांभाळलेत, किती प्रकारच्या वस्तूंचे लेजर ठेवलेत, चार वर्षांच्या मोजणीत किती तूट निघाली, हे आकड्यांत लिहा. पदाचे नाव न घेता काम सांगा. मला स्वतःला हे शिकायला तीन मुलाखती गमवाव्या लागल्या.

सरकारी नोकरी हवी असेल तर अर्ज आतापासूनच सुरू करा. निवृत्तीला एक वर्ष किंवा त्याहून कमी काळ उरलेल्या जवानाला केंद्राच्या भरतीत माजी सैनिकांच्या जागांसाठी अर्ज करता येतो. महाराष्ट्र शासनाच्या गट क व गट ड पदांमध्ये माजी सैनिकांसाठी 15 टक्के समांतर आरक्षण आहे. केंद्राच्या गट क पदांमध्ये ते 10 टक्के आहे. सरकारी बँकांच्या लिपिक पदांमध्ये 14.5 टक्के असून त्यात 4.5 टक्के अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांसाठी व शहिदांच्या अवलंबितांसाठी धरलेले आहेत. राज्यात वयोमर्यादेला सैनिकी सेवेचा कालावधी अधिक 3 वर्षे अशी सूट मिळते, त्यामुळे 43 हे वय आडवे येत नाही. शिक्षण दहावीपर्यंत असले तरी 15 वर्षांची सेवा झालेला माजी सैनिक, तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या केंद्राच्या पदवीस्तरीय गट क पदांसाठी पात्र धरला जातो. हा नियम अनेकांना ठाऊक नसतो आणि ते अर्जच भरत नाहीत.

एक बारकावा जपून ठेवा. केंद्राच्या नियमांनुसार, माजी सैनिक म्हणून एका नियमित नागरी नोकरीत रुजू झाल्यावर पुढच्या भरतीसाठी तो लाभ संपतो. मात्र रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या पदांसाठी अर्ज केले आहेत, त्यांची यादी तारखांसह स्वयंघोषणापत्रात लिहून रुजू होतानाच दिली तर त्या पदांसाठी लाभ टिकतो. माझ्या एका सोबत्याने ही यादी दिली नव्हती आणि नंतर लागलेली चांगली नोकरी त्याला सोडावी लागली.

निवृत्तीनंतर पहिल्या पंधरवड्यातच साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून ओळखपत्र घ्या. पुण्याच्या मेस्को या माजी सैनिक महामंडळामार्फत सुरक्षारक्षकाची कामे मिळतात, ती मधल्या काळासाठी उपयोगी पडू शकतात. मुलीने बारावीनंतर इंजिनिअरिंग, वैद्यकीय किंवा तत्सम व्यावसायिक पदवीला प्रवेश घेतला आणि तिला 60 टक्के किंवा अधिक गुण असतील, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना दरमहा 3,000 रुपये मिळतात. त्यासाठी केंद्रीय सैनिक बोर्डाकडे ऑनलाइन अर्ज पहिल्याच वर्षी भरावा लागतो. सुभेदार साहेबांनी सांगितलेली नावांची ताडणी येथेही उपयोगी पडते.

कृष्णाकाठची

माझे पती पाच वर्षांपूर्वी नाईक पदावरून निवृत्त झाले. वरील सर्व सल्ले योग्य आहेत. मी केवळ घराविषयी लिहिते, कारण ते कोणी लिहिलेले नाही.

हे नोकरीत असताना फोन कधी लागे, कधी लागत नसे. म्हणून मी एक वही केली होती आणि फोन आल्यावर सांगायच्या गोष्टी तीत लिहून ठेवत असे. पाण्याची पाळी कोणत्या वारी बदलली, दूध डेअरीचा हिशेब, मुलाच्या शाळेची फी, दिराला हातउसने दिलेले पैसे, सासूबाईंची गोळी बदलली, असे सर्व. फोनवर पाच मिनिटांत निम्मेही सांगून होत नसे. हे कायमचे घरी आले तेव्हा पहिल्या दोन महिन्यांत आमच्यात जितके वाद झाले तितके आधीच्या अठरा वर्षांत झाले नव्हते. प्रत्येक खर्चाला हे कारण विचारत. पहाटे पाचला मुलांना उठवून अंथरुणे घडी करायला लावत. मुलगा तर त्यांच्यासमोर जेवायला बसणेच टाळू लागला. मला वाटे, मी इतकी वर्षे एकटीने ओढलेल्या संसाराची ही तपासणी चालली आहे. त्यांना वाटे, या घरात आपल्याला जागाच नाही.

एका दुपारी त्यांना ती वही सापडली आणि ते ती वाचत बसले. वाचून झाल्यावर त्यांनी मला प्रत्येक नोंदीचे पुढे काय झाले ते विचारले आणि आम्ही संध्याकाळपर्यंत बोलत होतो. त्यानंतर गोष्टी हळूहळू ताळ्यावर आल्या.

म्हणून भाऊ, मी तुम्हाला विनंती करते की पहिले तीन महिने घराची कोणतीही व्यवस्था बदलू नका. घर कसे चालते ते वहिनींकडून समजून घ्या आणि त्यांच्या कामांपैकी एखादे काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. आमच्याकडे यांनी डेअरीला दूध घालणे आणि सासूबाईंना ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला नेणे ही दोन कामे घेतली, आणि सासूबाईंनाही मुलगा घरी आल्यासारखे खरोखर तेव्हाच वाटले. मुलीच्या बारावीच्या वर्षात तर फारच सांभाळा. तिच्या अभ्यासाचे वेळापत्रक तिचे तिलाच करू द्या.

माणदेशी_फौजी

सुभेदार साहेब, तोफची दादा आणि ताई, आपले मनापासून आभार. काल संध्याकाळी ऑफिसमध्ये बसून सर्व कागद ताडून पाहिले. पत्नीचे स्पेलिंग बरोबर निघाले, पण मुलाच्या जन्मतारखेत महिना चुकलेला आहे. दुरुस्तीचा अर्ज आजच दिला. कोर्ससाठी गोदाम व्यवस्थापनाचा पर्याय पहिला लिहिला. ताईंचा मजकूर मी पत्नीला फोनवर वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, नंतर म्हणाली, "माझ्याकडंही एक वही आहे."

आता पैशांबाबत मार्गदर्शन करावे. पेन्शन किती विकावी, म्हणजे तिचा किती भाग सोडून एकरकमी पैसे घ्यावेत? आणि मेहुणे एका पतसंस्थेत ठेव ठेवण्याचा आग्रह धरत आहेत, तेथे बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त आहे.

गडहिंग्लजचा_सुभेदार

पतसंस्थेचे नाव निघाले म्हणून हे लिहिताना मला जुनी जखम उघडावी लागत आहे. ग्रॅच्युइटीतले सहा लाख रुपये मी नात्यातल्या माणसाच्या शब्दावर आमच्या भागातील एका पतसंस्थेत ठेवले होते. दोन वर्षे व्याज वेळेवर मिळाले. तिसऱ्या वर्षी दाराला कुलूप लागले आणि आजपर्यंत मला निम्मीही रक्कम परत मिळालेली नाही. ज्या नातलगाने शब्द दिला होता त्याचेही पैसे त्यातच बुडाले, त्यामुळे कोणाला जाब विचारावा हेही कळेना. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते आणि त्यात नागरी सहकारी बँकाही येतात, परंतु पतसंस्थांना ते संरक्षण नाही. मेहुण्यांना हा फरक शांतपणे सांगा आणि नाही म्हणा.

पेन्शन विक्रीचा हिशेब असा आहे. जास्तीत जास्त 50 टक्के मूळ पेन्शन विकता येते आणि 15 वर्षांनी ती पूर्ववत होते. तुमच्या वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचे तो आकडा) साधारण 9 असतो. म्हणजे महिन्याचे 1,000 रुपये सोडले तर सुमारे 1,08,000 रुपये एकरकमी मिळतात आणि 15 वर्षांत 1,80,000 रुपये कापले जातात. महागाई भत्ता मात्र विक्रीपूर्वीच्या संपूर्ण मूळ पेन्शनवर मिळत राहतो आणि विकून मिळालेल्या रकमेवर आयकर नाही. ही रक्कम कर्ज फेडायला किंवा मुलीच्या शिक्षणाला लागणार असेल तर जरूर विका. केवळ गावात सर्वजण विकतात म्हणून, किंवा बंगल्याचा स्लॅब शेजाऱ्याच्या स्लॅबपेक्षा मोठा व्हावा म्हणून विकू नका.

ग्रॅच्युइटी, रजेचे पैसे, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रुप इन्शुरन्स एकाच सुमारास हाती येतात. ही रक्कम राष्ट्रीयीकृत बँकांच्या एक वर्षाच्या ठेवींत वाटून ठेवा आणि वर्षभर तिला हात लावू नका. प्लॉट, ट्रॅक्टर, भागीदारी, जे काही समोर येईल त्याला "वर्षानंतर बघू" हेच उत्तर द्या. दरमहा उत्पन्न हवे असेल तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे, संयुक्त खात्यात 15 लाखांपर्यंत ठेवता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सैन्यातून निवृत्त झालेल्यांना वयाच्या 50 व्या वर्षापासून खुली होते, तेव्हा सात वर्षांनी तिचाही विचार करा.

कृष्णाकाठची

साहेबांनी लिहिले त्यात एक गोष्ट जोडते. 'स्पर्श'चे लॉगिन सुरू झाले की पहिल्यांदा ते वहिनींच्या हातून उघडा. पेन्शन स्लिप कोठे दिसते, वर्षाचा हयातीचा दाखला कसा द्यायचा, पीपीओ कोठून उतरवायचा, हे त्यांना स्वतः करून पाहू द्या आणि पीपीओ क्रमांक त्यांच्या त्या वहीतच लिहून ठेवा.